भाकरी ऐकू येईल असा ट्यूबा

छोट्या ट्यूबाला गळती नव्हती. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात अडखळणार नाही. त्याच्या पोटाला पोचा होता, चमक उडून तो न घासलेल्या तांब्यासारखा काळपट दिसत होता, पण हवा त्यातून कुठूनही निसटत नव्हती. नांदेडहून परत आल्यावर मी आमच्या घरमालकांना सांगितलं, की छोटा गळका निघाला म्हणून मोठा आणला. त्यांनी ते खरं मानलं. याहून मोठ्या चुका माझ्या हातून झाल्या आहेत, बायकोला विचारा. पण हे खोटं जेवढं टोचलं तेवढं दुसरं काही टोचलं नाही. कारण त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते.

घरमालकांना सगळी गल्ली सुभेदार म्हणायची. पलटणीतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सुभेदार ही बढती गल्लीनं दिलेली, आणि त्यांनी ती नाकारल्याचं कुणाला आठवत नाही. अंग ताठ, आवाज मोठा, पायजम्यालासुद्धा इस्त्री. पलटणीत त्यांचा हात बंदुकीपेक्षा बँडला जास्त लागलेला. तिथं ते ट्यूबा वाजवत. ट्यूबा म्हणजे ब्रास बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. मांडीवर घेऊन छातीशी धरायचं, आवाज सगळ्यात खालचा, पोटातून घुमणारा. लातुरात त्याला कुणी भोंगा म्हटलं की सुभेदार रस्त्यात थांबून दुरुस्ती करत. "भोंगा गिरणीला असतो. ह्यो ट्यूबा हाय."

गंमत म्हणजे मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यांच्याजवळ ट्यूबा नव्हताच.

मी मुखेडकडचा. लातूर जिल्हा नवा झाला आणि मी तिथल्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. जिल्हा तेवढा नवा, बाकी सगळं जुनं. टेबलं जुन्या जिल्ह्यातून आली, पंखे आले, फायली आल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून सुरुवातीला मी फायलींच्या पेटीवर बसून काम केलं. पाऊस मात्र जुन्यातही पडला नव्हता आणि नव्यातही पडला नाही. नळ कोरडे, टँकर आला की गल्लीभर घागरींचा आवाज. अशा दिवसांत खोली शोधत फिरताना मला एका घरातून म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. पलीकडच्या गोठ्यातून खऱ्या म्हशीनं त्याला उत्तरही दिलं. मी फाटकातून डोकावलो. अंगणात लिंबोणीच्या झाडाखाली एक गृहस्थ खुर्चीवर ताठ बसले होते. हातात बागेला पाणी घालायचा रबरी पाइप, त्याच्या एका टोकाला रॉकेलचं नरसाळं, दुसऱ्या टोकाला पितळी माउथपीस, म्हणजे वाद्याचं ओठांना लावायचं तोंड, आणि त्यात ते गाल फुगवून फुंकत होते.

मी विचारलं, "काय करून राहिलात?"

ते म्हणाले, "नळाला पाणी न्हाई. म्हणून पाइपनं काय रिकामं बसावं?"

पलटण सोडताना ट्यूबा परत करावा लागला होता. स्वतःच्या खिशातून घेतलेला माउथपीस तेवढा त्यांच्याकडे उरला होता. पाइप हा त्यांचा कामचलाऊ ट्यूबा. फुंकून फुंकून त्यात जी वाफ साठे, ती ते थेंब थेंब लिंबाच्या मुळाशी झटकत. "ह्या दुष्काळात झाडाला पाणी कोण घालतंय, सांग? मी." लिंबू जगलं होतं हे खरं. पण मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भांडी विसळलेलं पाणी रोज गुपचूप त्याच लिंबाला घालत, हेही खरं. श्रेय सुभेदारांनी घेतलं, मावशींनी घेऊ दिलं.

खोली देण्याआधी त्यांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, जात तर नाहीच. म्हणाले, "टाळी वाजवून दाखव. मी एक-दोन-तीन-चार मोजतो." मी वाजवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "एकवर वाजवलीस. तुझी टाळी भजनातून आलीया. दोन आणि चारवर पायजे. ऱ्हा तू, शिकवतो."

मी कधीच शिकलो नाही.

ते शिकवत होते तो जाझ. जुना जाझ, नवा नाही. नव्या जाझबद्दल ते "त्यात माणसं एकमेकांचं ऐकत न्हाईत" एवढंच म्हणत. सिकंदराबादेला पलटण असताना रेल्वेवाल्यांच्या क्लबात रविवारी गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन मंडळी हा जाझ वाजवायची. सुभेदार खिडकीबाहेर उभे राहून ऐकत. एका रविवारी त्या मंडळींचा ट्यूबावाला पिऊन पडला, आणि बँडच्या म्होरक्यानं खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, हा नेहमी उभा असतो, याला येतं का काही? तिथून पुढे दर रविवारी ते खिडकीच्या आत.

"म्हणजे कसं असतं हो ते वाजवणं?" मी एकदा विचारलं.

"वरात बघितलीस का?"

"बघितली की."

"तशीच वरात. फक्त नवरदेव पळून गेलेला. क्लॅरोनेट इकडं शोधाया जातं, ट्रम्पेट तिकडं जातं, ट्रॉम्बोन बोळात शिरतं. जो तो आपल्या वाटंनं. आन् शेवटी सगळे बरोबर एका चौकात भेटतात."

"आणि ट्यूबा?"

"ट्यूबा चौकात उभा असतो ना! पूम्, पूम्. तो हाय म्हणून तर बाकीच्यांना वाट सापडती."

मग मावशींकडे वळून, "काय गं, बरोबर का न्हाई?"

"तुमचं कधी चुकलंय," मावशी म्हणाल्या. सूर असा, की त्यात सगळ्या चुका मोजलेल्या होत्या.

मावशी हाच त्यांचा उरलेला बँड होता. त्या जवारीची भाकरी थापायला बसल्या की सुभेदार पाइप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे. एकवर पूम्, दोनवर भाकरीची थाप, तीनवर पूम्, चारवर थाप. मावशी वैतागायच्या. "मी भाकरी करू का कवायत?" पण हात मात्र बरोबर पडायचा. सुभेदार मला सांगत, "बघ, शिकवलेली न्हाई. जलमजात दोन-चारवर हाय." माझं जेवणही त्यांच्याकडेच असल्यामुळे रोज सकाळी मी ताटावर बसून हे संगीत ऐकत असे, आणि माझा पाय हमखास एकवर पडे.

त्यांच्या वागण्यातलं हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एकच गोष्ट नव्हती. ती त्यांनी मला एकदा टँकरच्या रांगेत सांगितली, घागर पायाने पुढे सरकवत. त्यांचे वडील गावकीचं डफडं वाजवायचे. कुणाचं लग्न, कुणाची मयत, जत्रा, बोलावणं आलं की जावं लागायचं. धर्म बदलला त्या साली वडिलांनी डफडं खुंटीवरून काढलं ते पुन्हा हातात घेतलं नाही. मुलगा पलटणीच्या बँडमध्ये गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सोडलेलं परत धरलंस व्हय रं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, आबा, तुमच्या गळ्यात वाद्य लोकांनी घातलं. माझ्या गळ्यात सरकारनं घातलं. एक दिवस मी सोताच्या पसंतीनं घेईन, तेव्हा बोला." घागर पुढे सरकली. "ते बोलायला ऱ्हायले न्हाईत. पण घ्यायचा हाय मला. निवडून. आमच्या घरात अजून वाद्य कुणी निवडलेलं न्हाई."

माझ्या वडिलांच्या गावातही गावकीचं डफडं होतंच. ते वाजवणाऱ्याला बोलवायला लहानपणी मलाच पिटाळत. हे मी सुभेदारांना सांगितलं नाही. त्यांना माहीत असणार.

नव्या जिल्ह्याचा वर्धापनदिन आला आणि त्यांची वेळ आली. आमच्या कर्मचाऱ्यांच्या मंडळानं ठरवलं की दुसऱ्या जिल्ह्यातला बँड भाड्यानं आणायचा नाही, आपलाच उभा करायचा. औशाच्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला मिळाला, ट्रम्पेट मिळालं, ड्रम मिळाला. ट्यूबा तेवढा नव्हता. नांदेडला एक जुनी बँड पार्टी बंद होत होती आणि तिच्याकडे दोन ट्यूबा विकायला होते, अशी बातमी आली. मंडळानं वर्गणी काढली. निवड सुभेदारांवर सोपवली. कार्यक्रम झाल्यावर ट्यूबा त्यांच्याकडेच राहणार होता, कारण मंडळात दुसऱ्या कुणाला तो उचलतासुद्धा येत नव्हता.

सुभेदारांना त्या आठवड्यात झोप लागली असेल असं वाटत नाही. मला समोर बसवून ते निवडीचं शास्त्र सांगत, जणू परीक्षा माझीच होती.

"मोठा बघून भुलायचं न्हाई. मोठा परेडीला चांगला, मैदानात लांबवर जातो. पण त्याला हवा लई लागती, आन् तो उशिरा बोलतो. बोलला की थांबत न्हाई, पुढाऱ्यासारखा. जाझला छोटा पायजे. हलका, तिखट. फुंकलं की लगेच बोलला पायजे आन् सोडलं की लगेच गप."

"आवाज चांगला पाहिजे ना पण?"

"आवाज सुरू कसा होतो ते कुणीबी बघतंय. तू थांबतो कसा ते बघ. एक आन् तीन ट्यूबाचे. दोन आन् चार दुसऱ्याचे. दुसऱ्याच्या जागंत शेपूट जाता कामा न्हाई."

गळती तपासायची रीतही त्यांनी सांगितली: कळ न दाबता बाजूची नळी ओढायची, बाटलीचं बूच निघाल्यासारखं टप् वाजलं तर हवा कोंडलेली आहे, वाद्य निरोगी. आणि शेवटची परीक्षा घरी. "भाकरी थापताना वाजवायचा. भाकरी ऐकू आली तर ट्यूबा बरोबर. भाकरी बुडली, तर परत."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी घराची पाण्याची सिमेंटची टाकी बघितली. रिकामीच होती. आत उतरून पाइप वाजवला तर घुमेल कसा, हे त्यांना आत्ताच का बघावंसं वाटलं, ते तेच जाणोत. घुमला मात्र असा, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. बाहेर निघताना त्यांचा पाय निसटला आणि घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. मावशी शेकत होत्या आणि बोलत होत्या. "टाकीत पाणी पडंना, तर हे पडले."

म्हणून नांदेडला मी एकटा गेलो.

पार्टीचे मालक म्हातारे, डोळ्यांत सुरमा घातलेले. दोन्ही ट्यूबा त्यांनी ओट्यावर आणून ठेवले. मोठा काय दिसत होता! परातीएवढं तोंड, चार कळा, आरशासारखा चकचकीत. त्यात मला माझं तोंड दिसलं, रुंद आणि साहेबासारखं. छोटा त्याच्या शेजारी शाळेच्या फोटोत मागे उभ्या राहिलेल्या पोरासारखा. तीन कळा, पोचा, काळपट रंग. मी नळी ओढली. टप्. मोठ्याची ओढली. टप्. दोन्ही निरोगी.

"कायकू होना?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "बरात के वास्ते लेना तो बडा लेव. गाने के वास्ते छोटा."

म्हणजे मला दोनदा सांगितलं गेलं होतं. एकदा लातुरात, एकदा तिथं.

"बजा के तो देखो, साब."

इथं माझ्या तोंडचं पाणी पळालं. ट्यूबा नुसता फुंकून वाजत नाही, ओठ थरथरवावे लागतात. सुभेदारांनी हे मला पाइपवर शिकवलं होतं, आणि त्यांच्यासमोर मी ते करतही असे. इथं रस्त्यावर माणसं थांबलेली. मी छोटा घेतला, फुंकला. नुसती हवा. पुन्हा फुंकला. फुस्स. शेजारचा चहावाला म्हणाला, "साहेब, सायकलीत हवा भरून राहिले का?" सगळे हसले. माझे कान तापले. मी मोठा उचलला आणि रागाच्या भरात फुंकला, तर त्यातून कसा कोण जाणे, एक दांडगा घोगरा आवाज निघाला. चहावाला गप्प. दोघं-तिघं "वा" म्हणाले.

तेवढ्या एका "वा"साठी मी मोठा घेतला. मंडळाच्या अध्यक्षांना कार्यक्रमात चमकणारं काहीतरी हवं होतं, मैदानही मोठं होतं, ही कारणं मी नंतर बसमध्ये बसून जमवली.

बसमध्ये तो मावेना. शेवटी मागच्या बाकावर उभा केला. कंडक्टर आला. "ह्याचं कुणी काढलंय?"

"सामान आहे हो."

"सामान टपावर जातंय. बाकावर बसलंय ते पाशिंजर. अर्धं काढा."

अर्धं काढलं. वाटेत एका आजीबाईंनी त्याच्या तोंडात वाकून बघितलं आणि विचारलं, "बंब हाय का रं बाबा? किती घागरी मावतंय?" गल्लीत उतरलो तर टँकरच्या रांगेतल्या बाया हसून म्हणाल्या, "सुभेदारांनी टाकी आणली बघा!"

सुभेदार पाय उशीवर ठेवून दारातच बसले होते. मोठा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "छोटा न्हवता?"

मी म्हणालो, "होता. पण गळका निघाला."

"कुठं?"

"पोटाला पोचा आहे ना, तिथं."

"नळी ओढलीस? टप् न्हाई वाजलं?"

"नाही वाजलं."

त्यांनी मोठ्याच्या तोंडावरून एकदा हात फिरवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तू होतास. दुसऱ्यानं गळका आणून गळ्यात मारला असता. लई उपकार झाले, जवान."

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरीची परीक्षा झाली. एकवर पूऽऽऽम्, ते दोनच्या डोक्यावरून जाऊन तीनला भेटलं. मावशींचे हात हलताना दिसत होते, थाप ऐकू येत नव्हती. कपाटावरच्या डब्याची झाकणं तेवढी वाजली. मावशी म्हणाल्या, "मला माझीच भाकर ऐकू येईना." नियमाप्रमाणे ट्यूबा परत जायला हवा होता. पण परत देऊन आणायचा कुठला, तो गळका? सुभेदार म्हणाले, "हाताला नवा हाय. वळण लागंल."

वर्धापनदिनाला बँड वाजला. परेड संपल्यावर सुभेदारांनी त्यांचा जाझ घ्यायचं ठरवलं होतं. क्लॅरोनेटवाला शोधायला निघाला, ट्रम्पेट निघालं, आणि चौकात उभ्या राहिलेल्या ट्यूबानं दोघांनाही झाकून टाकलं. सुभेदार घामाघूम झाले. दम तोडून तोडून आवाज थांबवायला बघत होते आणि तो थांबत नव्हता. लोकांना त्यातलं काही कळलं नाही. मोठ्या आवाजाला लोकांनी मोठ्या टाळ्या दिल्या, सगळ्या एकवर. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. "काय माल आणलास!"

घरी येताना सुभेदार एकच वाक्य बोलले. "माझ्या दमाला ब्रेक ऱ्हायला न्हाई आता. वय झालं."

आणि ते खरोखर म्हातारे झाले, एखाद्या आठवड्यात. मोठा ट्यूबा कोपऱ्यात गेला, त्याच्यावर मावशींनी जुनं लुगडं टाकलं. पाइप गुंडाळून त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला. पायजम्याची इस्त्री गेली. ते पेपर वाचू लागले, चारचौघांसारखे पावसाबद्दल आणि भावांबद्दल बोलू लागले. म्हैस सकाळी एकदा हंबरून उत्तराची वाट बघायची. मावशी मुकाट्याने भाकरी थापायच्या, आणि एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊ, घर लई शांत झालंय. डोकं दुखतंय शांततेनं."

मी सांगितलं नाही. दिवस गेले, महिने गेले, वर्ष होत आलं. रोज कार्यालयातून येताना ठरवायचो, आज सांगू. फाटकाशी आलो की वाटायचं, आता सांगून काय होणार. त्याऐवजी मी अंघोळीतलं निम्मं पाणी वाचवून लिंबाला घालू लागलो. मावशीही घालत होत्या. त्या दुष्काळात लातुरात एवढं पाणी पिणारं दुसरं झाड नसेल. पण लिंबाची माफी मागून सुभेदारांचं देणं फिटत नाही, हे मला कळत होतं.

मग तो औशाचा क्लॅरोनेटवाला आला. लग्नसराई तोंडावर होती. मी आतल्या खोलीत होतो, बोलणं ऐकू येत होतं. "सुभेदार, या की आमच्यात. रेणापूरला मोठं लगीन हाय. नंतर आपलं ते जाझ बी घेऊ."

"न्हाई रं. संपलं माझं."

"वाद्यातच काय खोट असंल तर..."

"वाद्यात खोट न्हाई," सुभेदार म्हणाले. "आमच्या पोरानं तपासून आणलंय, नळ्या ओढून. खोट माझ्यात हाय."

पुढच्या रविवारी मी माझी सायकल बसच्या टपावर टाकून नांदेडला गेलो. सायकल नवी होती, नोकरी लागल्यावर घेतलेली. विकायला माझ्याकडे तेवढीच वस्तू होती. छोटा ट्यूबा म्हाताऱ्यांच्या ओट्यावरच होता, कुणी नेला नव्हता. त्यांनी सायकलची घंटी वाजवून बघितली, ब्रेक दाबून बघितला. मला ओळखलं. "बडा नक्को हुआ?"

"बडा बराबर है," मी म्हणालो. "आदमी गलत था."

"कौन? बजानेवाला?"

"लेनेवाला."

येताना ट्यूबा माझ्या मांडीवर मावला. कंडक्टर तोच. "मागल्या बारीला मोठं घेऊन गेला होता ना? ह्ये त्याचं पिल्लू व्हय? मांडीवर बसलंय, फुकट जाऊ द्या."

घरी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. सुभेदार जेवून पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मी ट्यूबा त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. ते उठून बसले. मी बसमधून येताना बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"ह्याला गळती नव्हती," मी म्हणालो. "मला वाजवता आला नाही, लोक हसले. म्हणून मी मोठा घेतला. तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे करून नळी ओढली. टप्. दुसरी ओढली. टप्. पोच्यावरून अंगठा फिरवला. मग हाक मारली. "अगं ए, पीठ घे."

मावशी आतून म्हणाल्या, "आत्ताच तर जेवलात."

"पीठ घे म्हणतो ना."

त्यांनी पेटीतून माउथपीस आणला, सदऱ्याला पुसला, बसवला. आतून पहिली थाप आली. पूम्. थाप. पूम्. थाप. सूर निघायचा आणि दार लावल्यासारखा थांबायचा, आणि त्या रिकाम्या जागेत मावशींचा हात कोरडा, स्वच्छ ऐकू यायचा. गोठ्यातून म्हैस हंबरली. सुभेदारांचे डोळे मिटलेले, पाय हलत होता. मावशींच्या भाकरीवर भाकरी होत गेल्या, कुणाला भूक नसताना.

मग ते एकदम थांबले. चेहरा लाल झाला होता, आणि तो दमानं नव्हता.

"वरीसभर," ते म्हणाले. "वरीसभर मी सोताला म्हातारा समजून बसलो, तुझ्यापायी! आन् निवड माझी होती रं. माझी एकट्याची न्हाई, आबाची बी होती. ती तू घेतलीस, चार माणसं हसली म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "मला माफ..."

"गप! असली एकवरची माफी नको मला." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "जा. बस तिच्या जाग्यावर."

मावशी हसू दाबत उठल्या. मी भाकरी थापायच्या लाकडी काटवटीसमोर बसलो. त्यांनी पिठाचा गोळा माझ्यापुढे टाकला. "हात ओला करा, भाऊ. जोर नका लावू."

उंबऱ्यात सुभेदारांनी ट्यूबा मांडीवर घेतला. "मी एक आन् तीन वाजवतो. तुझी माफी दोन आन् चारवर पडंस्तोवर भाकरी सुटणार न्हाई. बोल आन् थाप."

पूम्. मी थाप मारली, चुकली. पूम्. पुन्हा चुकली. भाकरी एका कडेनं फाटली. मावशी मागून हळूच म्हणाल्या, "ते थांबतात ना, तिथं टाका." मी वाजण्याची वाट बघणं सोडलं आणि थांबण्याची वाट बघू लागलो.

पूम्. "माफ." पूम्. "करा."

पूम्. "माफ." पूम्. "करा."

सुभेदार वाजवत राहिले, आणि माझा शब्द न् शब्द ऐकू येत होता.